गायरान कोणी राखायचे?

(बदनापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



बदनापूर हे नाव मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला तुरीमुळे परिचित आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण सिद्ध केले, त्यांच्या नावातील 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच खूण आहेत. 'बीडीएन ७११' सारखा लवकर हाती येणारा वाण, पाऊस ओढ देतो त्या वर्षीही शेतकऱ्याच्या पदरात काही टाकून जातो. पेरत्या जमिनीचा असा शास्त्रशुद्ध विचार येथे अनेक दशके चालू आहे. परंतु गावाच्या शिवारात आणखी एक जमीन असते. तिच्यावर तिफण फिरत नाही, सातबाऱ्यावर ती कोणा एका कुटुंबाच्या नावे नसते, आणि म्हणूनच ती कोणाची नाही असे सर्वजण मानतात. ती जमीन म्हणजे गायरान. तिची माती वाहून गेली तरी पंचनामा होत नाही. तिचे गवत संपले तरी कोणाचे पीक बुडाल्याची नोंद होत नाही. आजचा विषय या जमिनीचा आहे, आणि तिच्या आधाराने जगणाऱ्या माणसांचा आहे.

उजाड जमीन पुन्हा हिरवी करण्याचे दोन उपाय नेहमी सांगितले जातात. पहिला उपाय सरकारी आहे: चर खणा, रोपे लावा, कुंपण घाला. दुसरा उपाय अलीकडे सुशिक्षितांमध्ये प्रिय झाला आहे: आदिवासींचे व भटक्यांचे पारंपरिक ज्ञान गोळा करा आणि त्याप्रमाणे वागा. दुसरा उपाय पहिल्यापेक्षा निश्चितच उदार आहे. तथापि, ज्यांच्याकडे हे ज्ञान आहे त्यांचा त्या जमिनीवर अधिकार कोणता, हा प्रश्न दोन्ही उपाय टाळतात. ज्ञान घ्यावयाचे आणि ज्ञानवंताला हाकलावयाचे, हा व्यवहार या देशात नवा नाही. जमिनीची राखण आणि जमिनीबाबत निर्णय करण्याचा अधिकार या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हाच या विषयाचा गाभा आहे.

ज्ञान होते, अधिकार नव्हता

फासेपारध्यांचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राच्या माळरानांशी या समाजाइतका निकटचा संबंध फार थोड्यांचा राहिला असेल. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातील भटक्या शिकारी समाजांविषयी जे लेखन केले, त्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, एकाच मुलखात फिरणाऱ्या या समाजांनी सृष्टीची आपापसांत वाटणी केली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे जात. वैदू मुंगूस, खार असे लहान प्राणी सापळ्यात धरीत. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तित्तिर पकडीत. एकाच्या वाट्यावर दुसरा हात टाकीत नसे. दुसरी गोष्ट अशी की, फासेपारध्याच्या फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकले, तर ते सोडून देण्याची त्यांची रीत होती. उद्याची शिकार उद्यासाठी राखणे म्हणजेच संवर्धन. त्यासाठी त्यांना कोणत्याही खात्याचे परिपत्रक लागले नव्हते.

या समाजाच्या वाट्याला काय आले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारला जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचे हत्यार दिले. पारधी या शिक्क्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून शिक्का पुसला गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दारही बंद झाले. वन्य प्राण्यांचा ऱ्हास पाहता असा कायदा आवश्यक होता हे कोणी नाकारणार नाही. परंतु माळ नांगरले जाऊन आणि खाणी खोदल्या जाऊन काळविटाचा निवारा नाहीसा झाला, त्याचे उत्तरदायित्व कोणावर आले नाही. फासे लावणारा मात्र आरोपी झाला. ज्याला माळावरील प्रत्येक पक्ष्याची शीळ ओळखता येते, त्याला त्या माळावर झोपडी बांधण्याचाही हक्क उरला नाही.

असे असूनही, अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत 'संवेदना' या संस्थेच्या साह्याने फासेपारधी कुटुंबांनीच गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी उंच गवताच्या आश्रयाने जगतो. ते गवत कोठे आणि केव्हा राखावे हे पारध्यांइतके कोणाला कळणार? संधी मिळाली तेव्हा शिकाऱ्याचे डोळे राखणदाराचे डोळे झाले. हे परिवर्तन उपदेशाने झाले नाही. माळाशी असलेले जुने नाते त्यांना पुन्हा, आणि या वेळी उजळ माथ्याने, जोडता आले म्हणून झाले.

मेंढा आणि पाचगाव

अधिकार हाती आल्यावर काय घडते हे पाहण्यासाठी गडचिरोली आणि चंद्रपूरकडे वळावे लागते. गोरगरिबांच्या हातून रान आणि गायरान कसे गेले, याची तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये केलेली आहे. जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि चराऊ राने ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याच्या गुराढोरांची कोंडी कशी झाली, हे त्यांनी पाहिले होते. १८७८ च्या वनकायद्याने सुरू झालेला हा अन्याय १९२७ च्या कायद्याने पक्का केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला. अखेर २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकातच दिलेली आहे. या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेकडे दिला.

परंतु धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाने कायद्याची वाट पाहिली नव्हती. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आदिवासींचे जे आंदोलन झाले, त्यातून या गावाला स्वतःच्या शक्तीची जाणीव झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्यातून गावात अभ्यासगट उभे राहिले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. गावाने दोन पथ्ये पाळली. पहिले असे की, निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने करावयाचा. दुसरे असे की, निर्णयापूर्वी विषयाचा अभ्यास करावयाचा. कागद कारखान्यासाठी होणारी बांबूची तोड गावाने अडविली, आणि वणवा, वृक्षतोड व वनोपज यांविषयी स्वतःचे नियम केले. १५ ऑगस्ट २००९ रोजी सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचे पत्र गावाला मिळाले. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा कोठे परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. हक्काचा कागद आणि हक्काचा वापर यांत किती अंतर असते, हे यावरून ध्यानात येईल.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची कथा अधिक बोधप्रद आहे. गोंडपिपरी तालुक्यातील या लहान गावाला २०१२ साली सुमारे १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. पैसा देणारा एक व्यवसाय डोळ्यांसमोर होता, तो म्हणजे तेंदूपानांचा. चांगले कोवळे पान यावे म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात आणि जंगलाला आग लावतात. पाचगावने हिशेब मांडला आणि तेंदूपान तोडणे बंद केले. फळ माणसांसाठी आणि पाखरांसाठी राहिले, आगी थांबल्या, आणि गावाने बांबूवर लक्ष केंद्रित केले. मग दुसरा प्रश्न आला. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, खाण्याची तेथील जुनी चाल आहे. आज कोंब खाल्ला तर उद्याचा बांबू जातो. गावाने आपल्या ताटातील हा पदार्थही कमी केला. शिवाय सुमारे ३४ हेक्टर जंगल देवराईसारखे अस्पर्श ठेवले.

या दुसऱ्या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाचगावच्या आदिवासींनी येथे परंपरा पाळली नाही, परंपरा बदलली. पारंपरिक ज्ञान म्हणजे जुन्या चालीरीतींची पोथी, अशी समजूत असणाऱ्यांना हा विरोधाभास वाटेल. वस्तुतः ते ज्ञान म्हणजे निरीक्षणाची सवय, परिणामांची आठवण, आणि त्यांच्या आधारे नियम घडविण्याचे व मोडण्याचे सामर्थ्य. हे सामर्थ्य अधिकाराशिवाय राहत नाही. ज्याला माहीत आहे की आज आपण राखलेले गवत उद्या दुसरा कोणी लिलावात विकणार, तो ते राखणार कशासाठी? ज्याचा उद्या हिरावला गेला आहे, त्याच्याकडून दूरदृष्टीची अपेक्षा करणे हा क्रूर विनोद आहे.

मराठवाड्याचे वेगळेपण

आता जालना जिल्ह्याकडे यावे. येथे गडचिरोलीसारखे जंगल नाही. वनाखालील क्षेत्र अत्यल्प आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार आदिवासींचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. येथील सामाईक जमीन म्हणजे मुख्यत्वे गायरान. ते महसुली कायद्याखाली येत असल्याने वनहक्क कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही. शिवाय येथील गाव एका जमातीचे नाही. ते जातींचे गाव आहे. ग्रामसभा म्हटले की मेंढा येथे जे चित्र उभे राहते, ते येथे आपोआप उभे राहत नाही. येथील परंपरेत गायरानाबरोबर गावकुसही होते, आणि गावकुसाबाहेर कोण होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून 'गावाच्या परंपरेकडे परत चला' असे मराठवाड्यात कोणी सांगू लागला, तर त्याला विचारले पाहिजे: कोणाच्या परंपरेकडे?

गायरानाचा येथील इतिहास हा भूमिहीनांच्या लढ्याचा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली, आणि पुन्हा १९६४-६५ साली, भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारोंनी तुरुंगवास पत्करला आणि पडीक व गायरान जमिनी कसणाऱ्याच्या नावे करण्याची मागणी देशापुढे आली. मराठवाड्यात दलित आणि पारधी कुटुंबांनी मुरमाड माळ फोडून त्यातून ज्वारी-बाजरी काढली. माळ फोडल्याबद्दल गावाचा बहिष्कार, उभ्या पिकात सोडलेली गुरे आणि मारहाण हेही त्यांनी सोसले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही असंख्य कुटुंबे सातबाऱ्याच्या प्रतीक्षेत राहिली.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. सामाईक जमिनी बळकावणाऱ्या धनदांडग्यांना तो योग्य शह होता. त्याच निकालात न्यायालयाने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवादही नमूद केला आहे. प्रत्यक्षात आदेश तत्परतेने वाचला जातो आणि अपवाद सावकाश. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा धास्ती पसरली ती प्रामुख्याने झोपडीत. दुसरीकडे शासनाला प्रकल्पासाठी जमीन हवी असली की सर्वप्रथम नजर जाते ती गायरानावर. समृद्धी महामार्गाने जालना आणि बदनापूर या दोन्ही तालुक्यांतील शेतजमीन घेतली, तेव्हा निदान खातेदाराला मोबदला मागता आला. गायरान गेले तर शेळीवालीने मोबदला कोणाकडे मागावा?

माळावरचे जाणकार

महसुली दप्तरात जी जमीन 'पडीक' असते, ती मेंढपाळाच्या लेखी पडीक नसते. मारवेल आणि पवन्या ही बहुवर्षायू, जनावरांना आवडणारी गवते माळावर टिकून आहेत, की चराईच्या ताणाने ती मागे पडून कुसळी माजली आहे, यावरून माळाची प्रकृती त्याला कळते. बी धरण्यापूर्वी गवत चारले तर पुढील वर्षी काय होईल हेही त्याला कळते. धनगर आपला कळप शेतकऱ्याच्या रानात बसवतो आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा घेतो, तेव्हा माळाचे सत्त्व शेतात पोहोचते. तरोटा, कुर्डू, पाथरी या रानभाज्या कोणत्या उतारावर आणि कोणत्या पावसानंतर मिळतात, हे मजूर बाईला ठाऊक असते. शिंदीचे फडे बांधणाऱ्या आणि घायपाताचा दोर वळणाऱ्या मातंग कारागिराला या वनस्पतींची जी ओळख आहे, ती वृक्षारोपणाच्या आराखड्यात आढळत नाही. त्या आराखड्यात उन्हाळ्याच्या अखेरीस यंत्राने चर खणले जातात, त्या खोदाईत बहुवर्षायू गवतांची मुळे उखडली जातात, आणि वर गिरिपुष्पाची नाहीतर निलगिरीची रोपे उभी राहतात. जनावर त्यांना तोंड लावीत नाही म्हणून ती जगतात, आणि जगली म्हणून योजना यशस्वी ठरते.

मृद्संधारणाची कामे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. जालना तालुक्यातील कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम झाले आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ही सिद्धी मोठी आहे. परंतु पाणलोटाच्या कामाचा स्वभाव असा की, त्याचा लाभ जमीनधारकाच्या विहिरीत उतरतो. भूमिहीनाच्या वाट्याला खोदकामाची मजुरी येते. ही विषमता अटळ नाही, हे विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकातच दाखविले. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्कदार मानले गेले. पाण्याला जो न्याय लागू झाला, तो गवताला का लागू होऊ नये?

'कुऱ्हाडबंदी' आणि 'चराईबंदी' हे शब्द आदर्श गावांच्या चर्चेत मोठ्या आदराने उच्चारले जातात. बंदी आवश्यक असेलही, पण तिची किंमत कोण मोजतो? बांधावर वैरण असणाऱ्याला चराईबंदीची झळ लागत नाही. दोन उस्मानाबादी शेळ्यांवर दिवाळी आणि दवाखाना भागविणाऱ्या विधवेने मात्र त्या शेळ्या बाजारात न्यावयाच्या. ज्या त्यागात तिला विचारले गेले नाही, तो त्याग नव्हे, ती वसुली आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट, गायरानावर वर्षानुवर्षे कष्टाने पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचा हक्क आधी कायम झाला पाहिजे. गायरान वाचविणे आणि दलित-पारध्यांना हुसकावणे या दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात, तेव्हा तेथे पर्यावरणाची आस्था नसते, जातीचा जुना हिशेब असतो. कसणाऱ्याला जमीन दिल्याने गायरान संपेल, ही भीती अनाठायी आहे. कोणते वावर कोणाचे आणि कोणता माळ सर्वांचा, याची मोजणी होऊन हद्द ठरली की उरलेल्या माळाची राखण सोपी होते. अनिश्चिततेत मात्र जो तो आज हाती लागेल तेवढे ओरबाडतो.

दुसरी गोष्ट, उरलेल्या गायरानाचे नियम त्यावर जगणाऱ्यांनी करावेत, म्हणजे मेंढपाळ, शेळ्या राखणाऱ्या स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि कारागीर यांनी. माळाचा एक भाग आळीपाळीने विसाव्याला ठेवावा, बी झडल्यावर गवत कापावे, आणि कापलेल्या गवताचा वाटा घरटी असावा, गुरांच्या संख्येवर नसावा. येथे मेंढ्याची सर्वसहमती उपयोगी पडते. बहुमताच्या ग्रामसभेत दोन घरांचे पारधी आणि चार घरांचे धनगर कायमचे हरलेले असतात. सर्वसहमतीत त्यांच्या 'नाही'ला वजन येते. सर्वसहमती हा आदिवासींचा भाबडेपणा नाही. दुबळ्याच्या हातातील ती ढाल आहे.

तिसरी गोष्ट, २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून भरता येते, किंवा माळावर जाणकारांबरोबर फिरून लिहिता येते. पहिल्या पद्धतीने कागद पूर्ण होतो, दुसऱ्या पद्धतीने गाव शहाणे होते. आणि तुरीच्या वाणाची पारख करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मारवेलच्या बियाण्याचा प्रश्न घेऊन मेंढपाळाशेजारी बसावे, अशी अपेक्षा बदनापुरात करावयाची नाही तर कोठे?

यात कोणतीही अद्भुत गोष्ट नाही. माळ दोन-तीन पावसाळ्यांत लगेच पालटत नाही, आणि भांडणेही होतील. मेंढा आणि पाचगाव येथेही सारे सुरळीत घडलेले नाही. पण जमीन सुधारण्याचा प्रश्न तांत्रिक म्हणून मांडला जातो, तोवर त्याची उत्तरे कंत्राटदाराकडे असतात. तो सत्तेचा प्रश्न म्हणून मांडला की उत्तर शेळीमागे चालणाऱ्या बाईकडे सापडू लागते. तिला माळ ठाऊक आहे. तिला विचारण्याची रीत अद्याप गावाने पाडलेली नाही. ती रीत पाडणे हे गायरानाच्या पुनरुज्जीवनाचे पहिले काम होय, आणि त्यासाठी रोपवाटिका लागत नाही, निधी लागत नाही. ग्रामसभेत तिच्यासाठी जागा करावी लागते, आणि ती बोलेल तेव्हा इतरांनी गप्प बसावे लागते.